सवत, भूत आणि स्क्रीनशॉट

हिंजवडीहून सुटणारी आमची कंपनीची बस संध्याकाळी वाकडच्या पुलापाशी किमान वीस मिनिटं अडकते. त्या वीस वीस मिनिटांत मी आजवर किती नवऱ्यांचं वाटोळं होताना पाहिलंय याचा हिशोब नाही. म्हणजे फोनवर. मांगामध्ये.

प्रसंग जवळजवळ ठरलेला असतो. तोक्योतला किंवा ओसाकातला फ्लॅट. नवरा उशिरा घरी येतो, टाय सैल करत ऑफिसच्या कामाचं काहीतरी पुटपुटतो. टेबलावर जेवण नसतं. तिथे एक फाइल असते. तिच्यात हॉटेलची पावती, गाडीच्या जीपीएसची नोंद, लाइन ॲपवरच्या गप्पांचे तारीखवार स्क्रीनशॉट, खाजगी गुप्तहेराने काढलेले फोटो. आणि सगळ्यात वर हिरव्या अक्षरांत छापलेला एक फॉर्म, बायकोने सही केलेला. जपानमध्ये लग्नाच्या नोंदणीचा फॉर्म तपकिरी आणि घटस्फोटाचा हिरवा, अशी जुनी पद्धत आहे. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदारांच्या सह्या, तो कागद नगरपालिकेच्या खिडकीवर दिला की झालं. तिथले बहुतेक घटस्फोट असेच होतात, कोर्टाची पायरी न चढता. त्यामुळे तो हिरवा कागद मांगाच्या चौकटीत दिसला की पुढचं काही सांगावं लागत नाही.

अशा नायिकेला तिकडच्या बोलीभाषेत ‘सारेझुमा’ म्हणतात. ‘सुरू’ म्हणजे करणं, ‘सारेरू’ म्हणजे केलं जाणं, आणि ‘त्सुमा’ म्हणजे बायको. केलं कुणीतरी, बेतलं हिच्यावर. शाळेत आपण घोकलेला कर्मणी प्रयोग एखाद्या बाईला नाव म्हणून चिकटावा, तसं आहे हे.

मी अठ्ठावीस वर्षांची आहे, लग्न झालेलं नाही, दर रविवारी आई एक नवीन स्थळ व्हॉट्सॲपवर पाठवते. अशा मुलीने फसवल्या गेलेल्या बायकांच्या गोष्टी रांगेने का वाचाव्यात? मैत्रिणी म्हणतात, सूडाची मजा. मलाही बराच काळ तसंच वाटायचं. पण मग लक्षात आलं की नवऱ्याची नोकरी जाते, त्याची प्रेयसी त्याला सोडून जाते, सासू रडत माफी मागते, ही शेवटची पानं मी भराभर सरकवते. परत परत वाचते ती मधली पानं, जिथे ती अजून काहीच बोललेली नाही. रात्री नवरा झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली बसून ती तारीख लिहिते, पावतीचा फोटो काढते. नोंद करते.

या नोंद करणाऱ्या बाईचा माग काढत मी मागे मागे गेले. हजार वर्षांहून जास्त मागे जावं लागलं. आमच्या घरातही अशी एक वही आहे, तिच्याकडे नंतर येते.

खोकं उघडलं तेव्हा

साल ९५४. आजच्या क्योतोमध्ये, तेव्हाच्या हेइआन राजधानीत, एका मध्यम दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मुलीशी फुजिवारा नो कानेइए नावाच्या बड्या घरच्या तरुणाने लग्न केलं. त्याला आधीची एक बायको होतीच, तोकिहिमे. त्या काळच्या रिवाजानुसार नवरा बायकोच्या घरी रात्री यायचा आणि सकाळी जायचा. तो आला तर लग्न चालू आहे. येईनासा झाला तर संपलं. सोडचिठ्ठीसुद्धा लागत नसे. बाईला ते कसं कळायचं? तो न आलेल्या रात्री मोजून.

या मुलीचं नाव आपल्याला माहीत नाही. इतिहासात ती ‘मिचित्सुनाची आई’ आहे. आपल्याकडच्या गल्लीतही अशा किती बायका असतात, ज्यांची हाक मुलाच्या नावाने सुरू होते. पण या बाईने ‘कागेरो निक्की’ नावाची रोजनिशी लिहिली, ९५४ पासून ९७४ पर्यंतच्या वीस वर्षांची. सुरुवातीलाच ती सांगते की जुन्या गोष्टी खोट्या गोष्टींनी भरलेल्या आहेत, आणि चांगल्या घरात दिलेल्या बाईचं आयुष्य खरं कसं असतं हे कुणाला बघायचं असेल तर हे बघा. त्या काळातल्या गोष्टींमध्ये राजपुत्र यायचे आणि गोष्ट तिथेच संपायची. हिने त्यानंतरचं लिहायला घेतलं.

९५५ मध्ये तिला मुलगा झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत नवऱ्याने मागे ठेवलेलं पत्रांचं खोकं तिने सहज उघडलं, आणि त्यात दुसऱ्या बाईला लिहिलेलं पत्र सापडलं. मग तो लागोपाठ तीन रात्री आला नाही. तीन रात्री सलग एका घरी जाणं म्हणजे तिथे लग्न लावणं, हे त्या काळी सगळ्यांना माहीत होतं. एकदा तो काहीतरी कारण सांगून निघाला, तेव्हा तिने माणूस पाठवून त्याचा पाठलाग केला. माची नावाच्या गल्लीत एका घरी तो थांबल्याची बातमी आली. मांगातला गुप्तहेर मला फार आधुनिक वाटायचा. तो एक हजार सत्तर वर्षं जुना निघाला.

आणखी काही रात्रींनी, पहाटेच्या सुमाराला तिच्या दारावर थाप पडली. तोच होता. तिने दार उघडलं नाही. तो थोडा थांबला आणि त्या गल्लीत निघून गेला. सकाळी तिने त्याला एक कविता पाठवली, कोमेजायला लागलेल्या शेवंतीच्या फुलाला बांधून. एकट्याने झोपणाऱ्या माणसाला रात्र किती लांब असते, असा तिचा विषय. कवितेतच उत्तर आलं. हिवाळ्याच्या रात्री बंद दाराबाहेर उभं राहणंही काही सोपं नसतं, अशा अर्थाचं. आजही असं उत्तर लाइनवर आलं तर बायको त्याचा स्क्रीनशॉट काढेल.

पुढे त्या गल्लीतल्या बाईवरून कानेइएचं मन उडालं. तिचं मूलही गेलं. आणि इथे मिचित्सुनाची आई जे लिहिते ते वाचून मी फोन खाली ठेवला होता. तिला बरं वाटलं, असं ती सरळ लिहिते. मला जे भोगावं लागलं ते आता तिला कळेल, म्हणून छाती मोकळी झाली, असं. एक मूल मेलेलं आहे, आणि ही बाई स्वतःला चांगली दाखवायचा जराही प्रयत्न करत नाही. आजच्या जपानी वेब कादंबऱ्यांवर ‘झमा’ असा एक शिक्का असतो. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, ‘जिरली’. दुष्टाची जिरणार आहे, निश्चिंत वाचा, एवढंच तो शिक्का सांगतो. पण त्या गोष्टींमधल्या नायिका स्वतः कधी ‘बरी जिरली’ म्हणत नाहीत, त्यांच्या वतीने नशीब किंवा लेखक ते काम करतो. दहाव्या शतकातली ही बाई त्यांच्यापेक्षा धीट होती.

तोकिहिमेचा मुलगा मिचिनागा पुढे जपानमधला सर्वांत सत्ताधारी माणूस झाला. म्हणजे घराण्याच्या हिशोबात सवत जिंकली. तरी तोकिहिमेला काय वाटत होतं याची एक ओळही आपल्याकडे नाही.

मुखवट्याची शिंगं

याच मिचिनागाच्या मुलीच्या, सम्राज्ञी शोशीच्या, सेवेत मुरासाकी शिकिबू होती. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला तिने ‘गेंजी मोनोगातारी’ लिहिली, आणि त्यात दुखावलेल्या बाईला एक नवीन ताकद दिली, जी पुढे आठशे वर्षं तिच्या मानेवर बसली.

रोकुजो ही एका दिवंगत युवराजाची विधवा, देखणी, विद्वान, गेंजीपेक्षा मोठी. गेंजी तिच्याकडे येतो आणि मग कंटाळतो. कामोच्या जत्रेत ती गेंजीची मिरवणूक लपून पाहायला गेलेली असताना त्याची पत्नी आओइ हिचे नोकर रोकुजोची गाडी ढकलून मागे रेटतात, भर गर्दीत. अपमान ती गिळते. पण तिचा आत्मा गिळत नाही. ती झोपेत असताना तो तिच्या शरीरातून निघून बाळंतपणाला टेकलेल्या आओइला छळायला जातो. रोकुजोला स्वतःला हे माहीत नसतं. तिला कळतं ते वासावरून. आओइच्या खोलीत मांत्रिकांनी जाळलेल्या खसखशीचा धूर हिच्या कपड्यांना, केसांना येतो. ती कपडे बदलते, केस धुते, वास जात नाही.

आयुष्यभर सभ्य राहिलेल्या बाईला स्वतःच्या रागाचा पत्ता असा लागावा, केसांना येणाऱ्या वासावरून, हे मला फार खरं वाटतं. पुढे नो नाटकात ही कथा ‘आओइ नो उए’ म्हणून आली. त्यात आओइचं काम करणारा नटच नाही. रंगमंचावर पुढे एक घडी केलेला किमोनो ठेवतात, तीच आजारी आओइ. सगळी जागा रोकुजोची. उत्तरार्धात ती ‘हान्या’ मुखवटा घालून येते. दोन शिंगं, सुळे, आणि डोळ्यांच्या वर मात्र दुःखाने दाटून आलेल्या भुवया. मुखवटा वर केला की राक्षसीण, खाली झुकवला की रडणारी बाई. एकाच लाकडात दोन्ही.

मांगाशी याचा थेट संबंध आहे. १९७९ मध्ये यामातो वाकी या चित्रकर्तीने गेंजीची कथा ‘असाकी युमे मिशी’ या नावाने मुलींच्या मांगामध्ये आणायला सुरुवात केली आणि १९९३ मध्ये पूर्ण केली. जपानमधल्या किती पिढ्यांनी कॉलेजच्या प्रवेश परीक्षेसाठी मूळ ग्रंथाऐवजी हाच मांगा वाचला असेल. म्हणजे आज ऑफिसातून घरी जाताना सारेझुमा वाचणाऱ्या तिथल्या चाळिशीच्या बाईच्या डोक्यात रोकुजोचे लांब, हवेत तरंगणारे केस आधीच काढलेले आहेत.

तिथल्या सगळ्याच बायकांनी मात्र मनातल्या मनात जळून आत्मा पाठवला, असं नाही. मिनामोतो नो योरितोमो हा कामाकुराचा पहिला शोगुन. तो शोगुन व्हायच्या दहा वर्षं आधी, ११८२ मध्ये, त्याची बायको होजो मासाको बाळंत झाली आणि त्याच सुमाराला तिला कळलं की नवऱ्याने कामे नो माए नावाच्या बाईला जवळच एका सरदाराच्या घरी ठेवलंय. मासाकोने माणसं पाठवून ते घरच पाडून टाकलं. योरितोमो इतका चिडला की पाडणाऱ्या म्होरक्याची शेंडी त्याने कापली. बायकोला काही करू शकला नाही. अशा हल्ल्याला शब्दच होता, ‘उवानारीउची’. ‘उवानारी’ म्हणजे मागून आलेली बायको, तिच्यावर चाल करणं. आपल्या ‘सवत’ शब्दात आधीची कोण, नंतरची कोण हे कळत नाही. जुन्या जपानीत दोघींना वेगळे शब्द होते.

केस विंचरताना

पण जपानमधल्या सगळ्या फसवलेल्या बायकांची राणी ओइवा. १८२५ च्या उन्हाळ्यात एदोमधल्या, म्हणजे आजच्या तोक्योमधल्या, नाकामुरा-झा या काबुकी थिएटरात त्सुरुया नानबोकूचं ‘योत्सुया काइदान’ लागलं. इएमोन हा बेकार सामुराई, पोटासाठी छत्र्या बनवतो. बायको ओइवा बाळंतपणानंतर अंथरुणावर. शेजारच्या श्रीमंत घरातल्या नातीला इएमोन आवडलेला असतो. ते लोक ओइवाला औषध म्हणून विष पाठवतात. ओइवा ते दोन्ही हातांनी कपाळाला लावून, आभार मानून घेते. तिचा चेहरा एका बाजूने सुजतो, डोळा लोंबतो. इएमोन तिची मच्छरदाणी आणि मुलाचे कपडेसुद्धा गहाण टाकायला घेऊन जातो.

आणि मग तो प्रवेश. खरं कळल्यावर ओइवा ठरवते की शेजाऱ्यांच्या दारात जाऊन जाब विचारायचा. पण सामुराईची बायको विस्कटलेल्या अवताराने कशी जाणार? ती आरसा घेते, लग्न झालेल्या बाईसारखे दात काळे करते, केस विंचरायला बसते. फणीबरोबर केसांचे पुंजके येत राहतात, त्यातून रक्त. प्रेक्षक बघत राहतात, आणि ती विंचरत राहते. त्या घरातून ती जिवंत बाहेर पडत नाही. इएमोनच्या नव्या लग्नाच्या रात्री त्याला नवरीच्या जागी ओइवाचा चेहरा दिसतो, तो तलवार चालवतो, आणि खाली पडतं ते नवरीचं डोकं.

हे नाटक अजून होतं. करण्याआधी नट योत्सुयातल्या ओइवाच्या देवळात जाऊन नमस्कार करतात.

मला ओइवाच्या भुतापेक्षा तो जाब विचारायला निघण्याचा क्षण जास्त छळतो. समजा ती पोचली असती, तर काय झालं असतं? काहीच नाही. एदो काळात सोडचिठ्ठी फक्त पुरुष लिहायचा. तिला ‘मिकुदारिहान’ म्हणत, म्हणजे साडेतीन ओळी, कारण मजकूर साधारण तेवढाच. हिला मी सोडलंय, हिने आता कुणाशीही लग्न करावं. ती चिठ्ठी नसताना बाईने दुसरं लग्न केलं तर तिचं मुंडण करून माहेरी पाठवत. तिच्यासाठी एक वाट उरायची, कामाकुराचं तोकेइजी. १२८५ मध्ये एका विधवेने स्थापन केलेला हा भिक्षुणींचा मठ. नवऱ्यापासून पळून आलेली बाई त्याच्या दारात शिरली की तिला मागे ओढता येत नसे. पाठलाग करणारे अगदी जवळ आले आणि तिने नुसती चप्पल आत भिरकावली तरी ती आत आली असं धरत, असं सांगतात. मग मठात सेवा करत राहायचं, आधी तीन वर्षं, पुढे ती मुदत दोनवर आली. तेवढं झालं की सुटका.

थोडक्यात, जिवंतपणी न्याय हवा असेल तर चालत कामाकुरा गाठा. ते जमलं नाही तर मरा आणि मग बघा. ओइवा भूत झाली याचं कारण मला तरी अलौकिक वाटत नाही. एदोमध्ये तिचा अर्ज घेणारी खिडकीच नव्हती.

बूट आणि संडास

मेइजी काळ आला, रेल्वे आली, कायदे आले. १८९८ च्या नागरी कायद्याने बायको व्यभिचारी असेल तर नवऱ्याला घटस्फोट दिला. उलट बाजूने मात्र नवऱ्याला त्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असली तरच. आणि नवऱ्याला शिक्षा कधी? तर तो दुसऱ्या कुणाच्या बायकोबरोबर सापडला तर. म्हणजे तिथेही अन्याय झाला तो त्या दुसऱ्या पुरुषावर.

याच्या तीन वर्षं आधी, १८९५ मध्ये, हिगुची इचियो हिने ‘जूसान्या’, म्हणजे तेरावी रात्र, ही कथा लिहिली. इचियो पुढच्याच वर्षी चोविसाव्या वर्षी गेली. २००४ पासून वीस वर्षं पाच हजार येनच्या नोटेवर तिचा चेहरा होता. कथेतली ओसेकी मोठ्या अधिकाऱ्याची बायको. नवऱ्याच्या सततच्या अपमानाला कंटाळून ती चांदण्या रात्री माहेरी येते. घटस्फोट हवाय, मला परत पाठवू नका, असं सांगायला. आई तिच्या बाजूने भडकते. वडील रडतात, पण समजावतात. तुझ्या भावाची नोकरी जावयाच्या शब्दावर आहे. तुझं मूल तिकडेच राहील. ओसेकी ऐकते. परतीच्या रिक्षाचा ओढणारा तिचा लहानपणीचा सोबती निघतो, वाया गेलेला. दोघं थोडं बोलतात आणि आपापल्या वाटेला लागतात. बस, एवढीच कथा. कुणाचीही जिरत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, व्यभिचाराचा गुन्हा रद्द झाला आणि नागरी कायदा दोघांना सारखा झाला. आणि मग १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एक नवरा आला. त्याची प्रेयसी गरोदर झाली होती. त्याचं म्हणणं, माझ्या बायकोबरोबर राहणं अशक्य आहे. ती अंगावर पाणी ओतते, झाडूने मारते, माझे बूट संडासात टाकते. मला घटस्फोट द्या. न्यायालयाने दिला नाही. संसार मोडणाऱ्यानेच मोडला म्हणून सुटका मागितली आणि ती दिली, तर बायकोला तुडवून वर लाथाही मारल्यासारखं होईल, असा त्या निकालाचा आशय. तिथले वकील आजही त्याला ‘तुडवण्या-लाथाडण्याचा निकाल’ म्हणतात. सरकारी कागदात ते संडासातले बूट नोंदले गेले, याचं मला कोण समाधान आहे!

१९७९ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की बायको नवऱ्याच्या प्रेयसीकडूनही ‘इशार्यो’, म्हणजे मनस्तापाची भरपाई, मागू शकते. १९८७ मध्ये दुसरं दार उघडलं. छत्तीस वर्षं वेगळं राहिलेल्या एका जोडप्याच्या खटल्यात, दोषी नवऱ्यालाही काही अटींवर घटस्फोट मागता येईल, असं ठरलं. यातून बाईला कळलं ते व्यवहाराचं. लग्न टिकवून ठेवण्याची हमी आता कोर्ट देणार नाही. भरपाई देईल. पण पुरावा आण.

सारेझुमाची फाइल जन्मली ती इथे.

तेवीस तास

१९८० च्या दशकात मुलींचे मांगा वाचून मोठ्या झालेल्या बायकांसाठी वेगळी मासिकं निघाली. कोदानशाचं ‘बी लव्ह’ त्यातलंच. पहिलं चुंबन संपून गृहकर्ज, सासू आणि नवऱ्याची बदली सुरू झाली. नंतर हे सगळं फोनवर आलं. मासिक विकत घेताना दुकानदार बघतो, फोन कुणी बघत नाही. शेजारी झोपलेला नवरासुद्धा.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा असल्याने मला दुसरीही गोष्ट दिसते. २०१६ साली जपानमध्ये आलेल्या पिक्कोमा या ॲपने ‘थांबलात तर फुकट’ अशी योजना लोकप्रिय केली. एक भाग वाचा, पुढचा तेवीस तासांनी फुकट उघडेल. धीर नसेल तर पैसे द्या. चोवीस नव्हे, तेवीस. रोज एक तास अलीकडे, म्हणजे तुमच्या ठरलेल्या वेळेला तो तयार असतोच. ज्याने हा आकडा काढला त्याचं मला व्यावसायिक कौतुक आहे. पण गंमत बघा, या नायिका वाट पाहणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांच्या वाचक म्हणून आपणही वाटच पाहतो. अशा रचनेला ‘त्याला कधी कळणार की हिला सगळं कळलंय’ यापेक्षा चांगलं इंधन नाही. मी पैसे दिलेत. किती ते सांगणार नाही.

२०१८ मध्ये मालिका झालेल्या ‘हॉलिडे लव्ह’मध्ये नवरा बदलीच्या गावी एकटा राहतो. ‘सारेता गावा नो ब्लू’ या मांगात तर फसवला जातो तो नवरा, आणि बायको करणारी. कर्मणी प्रयोग आता पुरुषालाही लागू. कोरियातून आलेल्या वेबटूननी यात काळाचं चाक घातलं. ‘मॅरी माय हसबंड’मध्ये नवरा आणि जिवलग मैत्रीण मिळून नायिकेला मारतात आणि ती दहा वर्षं मागे जाऊन जागी होते. ओइवा मेल्यावर भूत होऊन परत आली होती. ही मेल्यावर, पगार आणि बस पास असलेली, जिवंत माणूस म्हणून परत येते. २०१५ पर्यंत कोरियात व्यभिचार हा तुरुंगवासाचा गुन्हा होता, तो त्या वर्षी रद्द झाला. नंतरच्या तिथल्या या सूडकथा वाचताना मला तो रिकामा पिंजरा दिसत राहतो.

आता थोडी तक्रार. यातल्या ऐंशी टक्के गोष्टींत (आकडा माझ्या वाचनाचा, शास्त्रीय नाही) सगळा राग सवतीवर काढलेला असतो. तिचे डोळे तिरके, हसू वेडसर, नखं लांब. हान्याची शिंगं कधीकाळी दुखावलेल्या बाईची होती. मांगाने ती काढून दुसरीच्या डोक्यावर बसवली. नवरा म्हणजे नुसता मऊ, गोंधळलेला इसम. दुसरं म्हणजे शेवटी मिळणारे पैसे. इशार्योचा चेक येतो, नवं घर, नवा समजूतदार पुरुष. २०२१ च्या सरकारी पाहणीत जपानमध्ये एकटीने मुलं वाढवणाऱ्या आयांपैकी सुमारे २८ टक्क्यांनाच मुलांच्या बापाकडून नियमित खर्च मिळत होता. बाकीच्या बहात्तर जणींवर मांगा निघत नाही, कारण त्यांच्या गोष्टीला शेवटचं पान नाही. वातानाबे पेकोची ‘११२२’ मला म्हणूनच वेगळी वाटते. तिथे बायकोनेच नवऱ्याला बाहेर प्रेम करायची परवानगी दिलेली आहे, आणि तरी दुखतं. कुणावर फाइल ठेवायची, तेच तिला कळत नाही.

शंभर पानी

आता ती वही.

माझी मोठी मावशी मिरजेला एकटी राहते. लग्नानंतर चार वर्षांनी काकांनी बदलीच्या गावी दुसरं घर केलं. भांडण नाही, मारहाण नाही, सोडचिठ्ठीही नाही. येणं कमी होत गेलं. मावशी माहेरी आली आणि ब्लाउज शिवायला लागली. कुणा ओळखीच्या वकिलाने सांगितलं, पोटगी मागायची असेल तर सगळं लिहून ठेवा. म्हणून तिने शंभर पानी वहीत लिहायला घेतलं. तारीख, आले किंवा नाही, पैसे किती दिले, जेवले का. १९९१ ते १९९४. केस कधी झाली नाही. आजोबा म्हणाले, धाकटीचं ठरतंय, आत्ता कोर्टाचं नाव नको. १९९४ च्या मे महिन्यात धाकटीचं लग्न झालं. धाकटी म्हणजे माझी आई.

इचियोची कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा ओसेकीच्या वडिलांच्या तोंडी आलेल्या भावाच्या नोकरीपाशी मी थांबले ते म्हणून. त्या भावाचं पुढे काय झालं, हे इचियो सांगत नाही. त्याचं लग्न झालं असेल, मुलं झाली असतील. त्यातली एखादी शिकून चांगल्या पगारावर लागली असेल.

दिवाळीत मिरजेला गेले तेव्हा मावशीला मी मिचित्सुनाच्या आईची गोष्ट सांगितली. चकल्यांचं पीठ मळता मळता ती ऐकत होती. दार उघडलं नाही इथपर्यंत आल्यावर तिचा हात थांबला.

“थंडीचे दिवस होते का गं?”

“हो. हिवाळाच.”

“मी उघडायची,” ती म्हणाली. “दर वेळी. जेवण गरम करून वाढायची. मग आत जाऊन लिहायची.”

फराळ झाल्यावर तिने दिवाणाखालची ट्रंक ओढली. वही साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. मी आजवर ती फक्त लांबून पाहिली होती. निळ्या शाईचं काही पानांवर फिक्कट जांभळं झालेलं, कडेला तेलाचे डाग. मी वाचणार नाही म्हटलं, तिने विचारल्याशिवाय. ती म्हणाली, “वाच की. लिहिलंय कशाला मग? आणि तुझ्या त्या फोनवर फोटो काढून ठेव सगळ्या पानांचे. शाई उडायला लागलीय.”

खिडकीशी उजेड बरा होता. मी तिथे वही उघडली. पहिल्या पानावर फ्लॅश चमकला आणि तारीखच दिसेना, म्हणून तो बंद करून परत काढला.